एका मिनिटाची सातशे वीस चित्रे
औद्योगिक पट्ट्यातील शाळा, गाव आणि सामूहिक रेखाटन

पुण्याहून नाशिककडे निघालेला महामार्ग भोसरी ओलांडतो, मोशीजवळ इंद्रायणी पार करतो आणि चाकणच्या माळाकडे चढू लागतो. या मार्गाच्या दोन्ही अंगांना जो बदल झाला, तो एका माणसाच्या आयुष्यात मावणारा आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सतरा लाखांवर गेली होती. कारखानदारी तेवढ्यावर थांबली नाही. संग्रामदुर्गासाठी आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण पुढे मोटारींच्या कारखान्यांचे गाव बनले. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांच्या शिवारांत कारखाने, गोदामे आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या.

या गावांच्या शाळांतील एका बाकावर बसलेल्या दोन मुलांची पार्श्वभूमी अनेकदा पूर्णपणे भिन्न असते. एकाच्या आजोबांची शेती तेथेच होती आणि त्या जमिनीवर आज कारखान्याची भिंत आहे. दुसऱ्याचे आईवडील मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून कामासाठी आलेले असतात आणि त्याच्या दृष्टीने हे गाव म्हणजे भाड्याची खोली, पाण्याचा नळ आणि वडिलांची पाळी. पहिल्याला गावाचा भूतकाळ ऐकून माहीत आहे, तर दुसऱ्याला वर्तमानातील अडचणी अनुभवाने माहीत आहेत. दोघांची घरची भाषा वेगळी. निबंध लिहून घ्यावा तर दुसरा मागे पडतो. अशा वर्गात सर्वांना सारख्या अंतरावर असणारे एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे रेखाटन. अनेकांनी मिळून केलेली रेखाटने क्रमाने जोडून ती हलती करणे, म्हणजेच ज्याला सर्रास अ‍ॅनिमेशन म्हटले जाते ते करणे, हा त्या साधनाचा अधिक फलदायी उपयोग होय.

चित्र हलते कसे?

हलणारे चित्र असे वस्तुतः काही नसते. किंचित फरक असलेली स्थिर चित्रे वेगाने एकामागून एक डोळ्यांपुढे आली की मेंदू त्यांची सलग हालचाल मानतो. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो या शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये फिरत्या चकतीवर चित्रे काढून हे दाखविले. वहीच्या पानांच्या कोपऱ्यात चेंडू काढून पाने फरफरविणारा कोणताही विद्यार्थी हाच प्रयोग करीत असतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी दाखविल्या जातात. हाताने काढावयाच्या चित्रांत प्रत्येक चित्र दोन चौकटींपर्यंत टिकवितात, म्हणून सेकंदाला १२ चित्रे पुरतात. अर्थात एका मिनिटाच्या चित्रपटास ७२० चित्रे लागतात.

एका व्यक्तीस ही संख्या धडकी भरविणारी आहे. परंतु दोन तुकड्यांतील ६० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १२ चित्रे काढली, तर हिशेब नेमका पूर्ण होतो आणि प्रत्येक मुलाच्या वाट्यास एक सेकंद येतो. हे काम मुळातच अनेक हातांचे आहे, ते या गणितावरून ध्यानात यावे.

तथापि अनेक हात लागले म्हणजे सहभाग झाला, असे मानण्याची घाई करू नये. व्यावसायिक चित्रशाळांतही शेकडो हात राबतात. प्रमुख चित्रकार हालचालीच्या मुख्य अवस्था काढतो आणि मधल्या अवस्था भरून काढण्याचे काम इतरांकडे जाते. त्यांनी काय काढावे हे आधीच ठरलेले असते. औद्योगिक पट्ट्यातील वाचकांस ही व्यवस्था नवी नाही. जुळणीच्या पट्ट्यावर एकच बोल्ट आवळणारा कामगार गाडी घडविण्यात सामील असतो, पण गाडी कशी असावी हे त्याला कोणी विचारत नाही. शाळेतील ६० मुलांना शिक्षकांनी ठरविलेल्या कथेची ७२० चित्रे भरावयास लावली, तर ती जुळणीच ठरेल.

पाहणारे, विचारले गेलेले आणि काढणारे

या कलेचा महाराष्ट्रातील इतिहास जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १९१५ च्या सुमारास, काड्यापेटीतील काड्या हलत्या करून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगपट काढला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स हे तेथे प्रशिक्षणासाठी आले आणि जातककथेवर आधारित ‘बन्यन डिअर’ हा चित्रपट १९५७ मध्ये तयार झाला. फिल्म्स डिव्हिजन ही संस्था पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि भीमसेन यांनी अ‍ॅनिमेशन केलेल्या ‘एक अनेक और एकता’ या लघुपटाने दूरदर्शनवरून एका पिढीच्या मुलांना एकीचा अर्थ समजावून दिला. या सर्व कृती तज्ज्ञांनी केल्या. लोक त्यांचे प्रेक्षक होते.

१९९० च्या दशकात युनिसेफसाठी तयार झालेल्या ‘मीना’ या मालिकेने त्यापुढे एक पाऊल टाकले. बांगलादेश, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या चार देशांतील मुलींसाठी ही मालिका होती आणि तिच्या निर्मितीत राम मोहन यांचा प्रमुख वाटा होता. त्यांनी आपली कारकीर्द फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच व्यंगपट विभागात आरंभिली होती. मीनाचे रूप, तिचा वेष, तिच्या कथा या गोष्टी गावोगावच्या लोकांना दाखवून, त्यांचे म्हणणे ऐकून निश्चित करण्यात आल्या. येथे लोकांना विचारले गेले, हे महत्त्वाचे होय. पेन्सिल मात्र चित्रशाळेतच राहिली.

पेन्सिल, किंबहुना सुई, लोकांच्या हाती राहिल्याचे उदाहरण २००९ मधील ‘टांको बोले छे’ या लघुपटात आढळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांनी तो कच्छमधील ‘कला रक्षा’ या संस्थेच्या कारागीर स्त्रियांसमवेत केला. १९७१ च्या युद्धाच्या वेळी सिंधमधून झालेले स्थलांतर आणि नंतरचा भूकंप यांची हकीकत या स्त्रिया स्वतःच्या आवाजात सांगतात, आणि पडद्यावर जे हलते ते त्यांनीच कापडावर केलेले भरतकाम व तुकडेकाम असते. २०१६ मध्ये सबनानी यांनी शेरसिंह या भिल्ल चित्रकारासोबत ‘हम चित्र बनाते हैं’ हा लघुपट केला. या दोन्ही कृतींत तंत्र बाहेरून आले, तर कथा आणि रेषा ज्यांची त्यांचीच राहिली.

परदेशातही या दिशेने जुने प्रयत्न आहेत. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातील नॉर्मन मॅकलॅरेन हा ख्यातनाम कलावंत १९४९ मध्ये युनेस्कोच्या ‘निरोगी गाव’ या प्रकल्पासाठी चीनमधील सेच्वान प्रांतात गेला. स्वतः चित्रपट काढून परतण्याऐवजी त्याने तेथील चित्रकारांना कमी खर्चात भित्तिचित्रे, चित्रपट्ट्या आणि हलती चित्रे करण्यास शिकविले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन येथे इव्होन अँडरसन यांनी १९६३ पासून लहान मुलांना स्वतःचे अ‍ॅनिमेशनपट करावयास शिकविले.

वारली चौकाचा धडा

सामूहिक रेखाटन आपल्याकडे बाहेरून शिकण्याची गोष्ट नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली घरांत लग्नप्रसंगी भिंतीवर चौक ‘लिहिला’ जातो. चित्र काढण्यास वारली बोलीत ‘लिहिणे’ म्हणतात, ही बाब शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. हा चौक सुवासिनी मिळून तांदळाच्या पिठाने लिहीत आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी वारली वस्तीत कागद व रंग नेले आणि ही कला जगापुढे आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा प्रतिभावंत चित्रकार त्यातून प्रकाशात आला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. पण कागद, विक्री आणि प्रदर्शने आली, तशी ही कला स्त्रियांच्या सामूहिक हातांतून बव्हंशी पुरुषांच्या वैयक्तिक हाती गेली. कोणी तसे ठरविले नव्हते. नवे साधन गावात येते तेव्हा ते कोणाच्या हाती पडते यावर पुढचे सारे अवलंबून असते. शाळेत मोबाइल फोन आणि संगणक आणताना हा अनुभव विसरता येणार नाही. दक्षतेचा अभाव असेल तर यंत्र वर्गातील दोन-चार चलाख मुलांच्या हाती राहते आणि मुली कडा रंगवीत बसतात.

दुसरा परिचित नमुना गावनकाशाचा आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमांतर्गत ग्रामपंचायतींचे आराखडे तयार करताना गावकऱ्यांनी एकत्र येऊन चावडीपुढे किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढावा, ही पद्धत पंचायत सदस्यांच्या परिचयाची आहे. घरे, विहिरी, रस्ते, वस्त्या लोक स्वतः दाखवितात. या नकाशात काय आले यापेक्षा काय राहिले, हे औद्योगिक पट्ट्यात अधिक बोलके ठरेल. चाळींत राहणाऱ्या भाडेकरू कुटुंबांची नावे अनेकदा गावच्या मतदारयादीत नसतात, ती ग्रामसभेस येत नाहीत, म्हणून त्यांचा नळ आणि त्यांची तुंबणारी गल्ली नकाशावर उमटत नाही. त्यांची मुले मात्र शाळेत रोज हजर असतात. मुलांच्या रेखाटनातून ही गल्ली प्रथमच गावापुढे येऊ शकते. शाळेतील हा उपक्रम पंचायतीच्या कामाशी येथे जोडला जातो.

शिवाय स्थिर नकाशास काळ दाखविता येत नाही. शेताची वाडी, वाडीची चाळ आणि चाळीशेजारी कारखान्याची भिंत हे रूपांतर हलत्या चित्राच्या स्वभावातच बसते. आजोबांच्या सांगण्यावरून एका मुलाने कांद्याची आरण काढावी आणि पुढच्या मुलाने तिचे हळूहळू गोदाम करावे, यासाठी कोणत्याही महाग यंत्राची गरज नाही.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

खर्चाची बाब प्रथम. ७२० चित्रांसाठी नेहमीचा कार्यालयीन कागद अर्धा करून वापरला, तर ३६० कागद लागतात, म्हणजे ५०० कागदांचे एक रीमही पूर्ण संपत नाही. कागद एकमेकांवर तंतोतंत बसणे हे या कामातील एकमेव कडक शिस्तीचे अंग आहे. ते साधले नाही तर पडद्यावर सर्व चित्र थरथरते. त्यासाठी फायलींना भोके पाडण्याचे यंत्र आणि एका लाकडी फळीत त्याच अंतरावर बसविलेले दोन बारीक बोल्ट पुरेसे होतात. असे बोल्ट या पट्ट्यातील कोणत्याही गावात सहज मिळतील. खालचे चित्र दिसावे म्हणून खिडकीची काच किंवा काचेखाली ठेवलेला दिवा चालतो. छायाचित्रणासाठी एक मोबाइल फोन स्टुलाला घट्ट बांधून खाली रोखावा आणि प्रकाश बदलू नये म्हणून खिडक्या झाकून विजेच्या दिव्यावरच काम करावे. चित्रे क्रमाने जोडणारी विनामूल्य साधने फोनवर उपलब्ध आहेत.

लहान वर्गांसाठी कागदाऐवजी रांगोळी घ्यावी. कॅरोलिन लीफ या चित्रकर्तीने १९६८ मध्ये प्रकाशित काचेवर वाळू पसरून, ती बोटांनी हलवीत संपूर्ण चित्रपट केला होता. रांगोळीने तेच करता येते. आकृती काढावयाची, छायाचित्र घ्यावयाचे, थोडी पुसून पुढची अवस्था काढावयाची. चूक खोडण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारे मूलही हात घालते. ज्या घरांत आई-आजी रोज दारात रांगोळी काढतात, तेथील मुलांना तर हा सराव घरचाच असतो.

खरी कसोटी कथा ठरविताना लागते. शिक्षकांनी विषय द्यावा, उदाहरणार्थ ‘आमच्या घरापासून शाळेपर्यंत’ किंवा ‘येथे पूर्वी काय होते’, आणि नंतर थांबावे. मुलांनी आपापल्या घरी विचारून यावे. गावातील वृद्धांना आणि चाळीतील मायबापांना एकेका दिवशी शाळेत बोलवावे. जमलेल्या हकीकतींतून मुलांनी निवड करावी आणि निवड बहुमताने करण्यापेक्षा प्रत्येक गटाचा एक भाग राखून करावी. बहुमताने केल्यास भाषेने आणि संख्येने प्रबळ असलेल्या मुलांचीच कथा पुढे येते.

चार मुलांचा एक गट आणि त्याकडे चार सेकंद, अशी वाटणी सोयीची आहे. यामागे आणखी एक कारण आहे. वीटभट्टीवरील, बांधकामावरील किंवा ठेक्यावरील कामगारांची मुले वर्षाच्या मध्येच शाळा सोडून जातात. त्यांना सबंध चित्रपटाचा धागा दिला, तर तो तुटतो. चार सेकंदांचा स्वतंत्र तुकडा दहा-बारा दिवसांत पूर्ण होतो आणि मूल निघून गेले तरी त्याचे काम अपुरे राहत नाही. प्रत्येक कागदाच्या मागे काढणाऱ्याचे नाव लिहावे आणि गेलेल्या मुलांसह सर्वांची नावे चित्रपटाच्या शेवटी यावीत. दोन गटांचे तुकडे जोडण्यासाठी एवढाच नियम ठेवावा की पहिल्याचे शेवटचे चित्र हेच दुसऱ्याचे पहिले चित्र असेल.

रेषा सुधारण्याचा मोह शिक्षकांना होतो. स्पर्धेसाठी पाठवावयाचे असेल तर तो अधिकच होतो. साठ मुलांच्या साठ तऱ्हेच्या रेषांमुळे एकच माणूस दर सेकंदाला थोडा वेगळा दिसेल, आणि त्यात दोष मानण्याचे कारण नाही. सुधारलेले चित्र शिक्षकाचे होते, आणि आपले चित्र बदललेले मुलाच्या ताबडतोब लक्षात येते. आवाजाबाबतही हेच म्हणता येईल. जी हकीकत भोजपुरीत सांगितली गेली ती भोजपुरीतच राहू द्यावी. चित्र समोर असताना अर्थ कळण्यास अडचण पडत नाही, आणि मराठी मुलांच्या कानांवर शेजाऱ्याची भाषा पडते.

काही खबरदारी आवश्यक आहे. जमिनीच्या मोबदल्याचे, वाटणीचे तंटे अनेक घरांत अद्याप चालू असतात. वृद्धांनी सांगितलेली हकीकत त्यांच्या संमतीवाचून आणि नावानिशी दाखविणे योग्य होणार नाही. मुलांची छायाचित्रे व घरांचे पत्ते चित्रपटात येऊ नयेत. रेखाटनाचा एक लाभ असा की व्यक्ती ओळखू न येता प्रसंग सांगता येतो.

दाखविल्यानंतर

बहुतेक उपक्रम प्रदर्शनाच्या दिवशी संपतात. टाळ्या होतात, वृत्तपत्रांत छायाचित्र येते आणि कागद कपाटात जातात. मुलांनी तुंबणारी गल्ली दाखविली असेल, तर त्या गल्लीचे काय करणार, याचे उत्तर ग्रामपंचायतीने अगर महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाने द्यावयास हवे. काम यंदा होणार नसेल तर तसे कारणासह सांगावे. ते उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदले जावे आणि शाळेस कळविले जावे. असे न झाल्यास दुसऱ्या वर्षी मुले फुले, डोंगर आणि उगवता सूर्य काढतील.

दुसऱ्या बाजूने, या चित्रपटांवर भलता भार टाकणेही उचित नव्हे. साठ सेकंदांचा चित्रपट म्हणजे पाणीपुरवठ्याचे सर्वेक्षण नाही आणि कुटुंबांची गणनाही नाही. त्यातील एखादी गोष्ट अतिशयोक्त असेल, एखादी ऐकीव असेल. अधिकाऱ्यांनी त्याकडे तक्रारअर्ज म्हणून न पाहता, कोठे जाऊन पाहावे याची सूचना म्हणून पाहावे, एवढे पुरे आहे.

वेळापत्रकाचा विचार करता शाळा सुरू झाल्यावर ज्येष्ठात देहू-आळंदीच्या पालख्या निघून जाईपर्यंत मोठे काम हाती घेऊ नये. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये हकीकती जमवाव्यात, सप्टेंबरात कथा आणि गट निश्चित करावेत. दसरा-दिवाळीनंतर भट्ट्यांवर व बांधकामांवर नवी कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांसाठी दोन-तीन गटांचे तुकडे मुद्दाम मोकळे ठेवावेत. डिसेंबरात छायाचित्रण व ध्वनिमुद्रण आटोपले, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत चित्रपट दाखविता येतो. पडदा नसल्यास शाळेची चुना दिलेली भिंत चालते. मात्र दिवसा ग्रामसभा भरत असल्याने खोली अंधारी करण्याची तजवीज आदल्या दिवशी करून ठेवावी आणि चाळीतील पालकांना निरोप मुलांमार्फत न पाठवता सदस्यांनी स्वतः जाऊन द्यावा.